आधी धागा, मग करंट

पहाटे ५.४०

मे महिन्यात मुक्ताईनगरात दिवस पहाटेच धरावा लागतो. अकरा वाजले की डांबर मऊ पडायला लागते, दुपारी पारा पंचेचाळीसच्या आसपास पोचतो आणि हमरस्त्यावर ट्रकखेरीज काही हलत नाही. माझ्या निम्म्या पेशंटांना तर मीच बजावून ठेवले आहे की त्या वेळी अंगणातसुद्धा चपलेशिवाय उतरायचे नाही. त्यांचे तळवे भाजतील आणि त्यांना कळणार नाही. म्हणून उन्हाळाभर माझा फिजिओथेरपीचा दवाखाना सकाळी सातला उघडतो.

दोन खोल्या, तीन टेबले, एक पडदा. चहा होईपर्यंत मी करंटच्या मशीनचे पॅड तपासते. काळ्या कार्बन रबराचे हे पॅड वापरून वापरून कडेला चिरतात. त्यावरचे जेल वाळले की करंट सगळ्या पॅडभर पसरत नाही, एखाद्या कोपऱ्यातच एकवटतो. ज्याच्या कातडीला जाणीव आहे तो लगेच म्हणतो, ताई, इथे चावतंय. ज्याच्या कातडीला जाणीव नाही तो शांत पडून राहतो.

मी शिकाऊ असताना एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात असाच एक गृहस्थ माझ्यासमोर शांत पडून होता. त्याच्या पावलावर पॅड मी लावले होते. "कळतंय का?" विचारले, तर "अजून वाढवा" म्हणाला. मी वाढवले. वीस मिनिटांनी पॅड काढले तेव्हा पावलाच्या कडेला रुपयाएवढा फोड होता. तो भरायला नऊ आठवडे लागले. त्याने तक्रार केली नाही, उलट माझीच समजूत काढली. त्याचा चेहरा मला आजही पहाटे पॅड पुसताना आठवतो. तेव्हापासून माझा एक नियम आहे आणि तो मी कोणासाठीही मोडत नाही: आधी धागा, आधी नाडी, मग करंट.

सकाळी ७.०५

पहिले अंतुर्लीचे अप्पा. अडुसष्ट वर्षांचे, केळीचे बागायतदार, शुगर अठरा वर्षांची. मुलाच्या मोटारसायकलवरून उतरले आणि पायऱ्या चढताना एक चप्पल खालीच राहिली. अप्पा तसेच वर आले. मी बोट दाखवले तेव्हा त्यांनी पायाकडे पाहिले.

"निसटली व्हय? मले कळलंच नाही."

पायातून चप्पल निसटते आणि माणसाला कळत नाही, हे मधुमेहाच्या मज्जाविकाराचे इतके साधे लक्षण आहे की त्याला कुठल्याही तपासणीची गरज नाही. आमच्याकडची माणसे त्याचे वर्णनही फार नेमके करतात. कोणी म्हणतो कापसाच्या ढिगावर चालल्यासारखं वाटतं. कोणी म्हणतो पाय बहिरे झाले. अप्पा म्हणतात, "पाय माह्या आहे, पण माह्या वाटत नाही."

त्यांना टेबलावर झोपवले, डोळे मिटायला सांगितले. माझ्या हातात एका दांडीला लावलेला नायलॉनचा जाडसर धागा. त्याची जाडी आणि लांबी अशी मापून केलेली असते की बरोबर दहा ग्रॅम दाब पडला की तो वाकतो. तळव्यावर ठरलेल्या जागी तो टेकवायचा, वाकू द्यायचा, उचलायचा. अंगठा, पहिल्या आणि पाचव्या बोटाच्या मुळाची उंच गादी, टाच. कळले की अप्पांनी "हो" म्हणायचे. जो माणूस हे दहा ग्रॅम ओळखू शकत नाही, त्याचा पाय चपलेतला खडाही ओळखणार नाही. अप्पांनी उजव्या पावलावर दहापैकी तीनदा हो म्हटले, डाव्यावर दोनदा. मग १२८ कंपनांचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर ठेवला. फोर्क गुणगुणत होता, अप्पा गप्प. घोट्यावर ठेवला, गप्प. गुडघ्याच्या वाटीवर ठेवला तेव्हा हसले, "आता वाजलं."

हा आजार असाच चढतो, मोज्यासारखा. सर्वांत लांबच्या नसा आधी मरतात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून. वर्षानुवर्षे रक्तात साखर जास्त राहिली की नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक केशवाहिन्या जाड होतात, चिंचोळ्या होतात आणि नसा उपाशी पडतात. अप्पांचा मोजा सध्या नडगीच्या मध्यापर्यंत आला आहे. गुडघ्याखाली चार बोटांवर त्यांना माझ्या बोटाचा स्पर्श नीट कळतो. माझे सगळे काम या चार बोटांवर उभे आहे.

अप्पांची नेहमीची शंका आजही आली. "पण ताई, पाय तर गरम आहे. नसा फुगलेल्या दिसतात. मग रक्त कमी कसं?"

बागायतदाराला ठिबकच्या भाषेत सांगितले की पटते. अप्पा, तुमच्या बागेत नळीच्या टोकाचा व्हॉल्व्ह उघडा राहिला तर काय होतं? पाणी जोरात वाहतं, बांध ओला होतो, पण ड्रीपरमधून मुळाशी थेंब पडत नाही. पायातही तसेच. रक्तवाहिन्या कधी आवळायच्या, कधी सैल सोडायच्या हे सांगणाऱ्या बारीक नसाही या आजारात जातात. मग धमनीतून आलेले रक्त आडवाटेने सरळ शिरेत उतरते. पाय गरम लागतो, शिरा टम्म दिसतात, आणि कातडीच्या केशवाहिन्या मात्र कोरड्या. पाय गरम म्हणजे पाय चांगला, हा समज मी रोज खोडते. अप्पांच्या घामाच्या नसाही गेल्या आहेत, म्हणून त्यांच्या टाचा उन्हाळ्यातल्या काळ्या जमिनीसारख्या भेगाळतात.

मग नाडी. पावलावरची आणि घोट्यामागची, दोन्ही बोटांनी चाचपल्या. त्यानंतर हातातले लहानसे डॉपलर लावून घोट्याचे ब्लडप्रेशर मोजले, दंडाचे मोजले, एकाला दुसऱ्याने भागले. १.०२. हा आकडा ०.९ च्या खाली गेला तर वाटेतली मोठी धमनी अरुंद झाली आहे असे समजायचे. १.३ च्या पलीकडे गेला तर धमनीच्या भिंतीत चुना साचून ती इतकी कडक झाली आहे की पट्ट्याने दबत नाही. तेव्हा त्या आकड्यावर विसंबता येत नाही. अप्पांची मोठी धमनी मोकळी आहे.

या सगळ्याला वीस मिनिटे गेली. बाहेर दोन माणसे घड्याळ बघत होती. जाऊ देत.

सकाळी ७.३०

आता करंट. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, हाडाचा एक गोल उंचवटा हाताला लागतो. त्याला वळसा घालून एक नस पावलाकडे जाते. ती तिथे कातडीच्या इतकी जवळ असते की पायावर पाय ठेवून फार वेळ बसले की तीच दबते आणि पाऊल लुळे पडते. तिथे एक पॅड, त्याच्या थोडे खाली दुसरा. ही जागा अप्पांच्या मोज्याच्या वर आहे. इथली कातडी जागी आहे. करंट जास्त झाला तर अप्पा ओरडू शकतात.

सेकंदाला एक ठोका ठेवला. हळूहळू वाढवत गेले. अप्पांच्या नसा थकलेल्या, म्हणून इतरांपेक्षा जास्त करंट लागतो. मग पाऊल एकदम वर उचलले गेले, खाली आले, पुन्हा वर. अप्पा दर वेळी त्या पावलाकडे लहान मुलासारखे टक लावून पाहतात. ज्या पायाचा त्यांना पत्ता नाही, तो त्यांच्यासमोर नाचत असतो.

प्रत्येक ठोक्याला नडगीचे स्नायू आकसतात, पोटरी ताणली जाते, आणि त्यांच्यामध्ये असलेल्या शिरा पिळल्या जाऊन रक्त वर ढकलले जाते. शिरांमधला दाब उतरला की धमनीतून नवे रक्त यायला उतार मिळतो. चालताना पोटरी हेच काम करते. ज्यांचे चालणे कमी झाले आहे, त्यांच्यासाठी मी ते बाहेरून करवून घेते. ब्रिटनमध्ये गुडघ्याजवळच्या याच नसेवर लावायचे घड्याळाएवढे यंत्र पोटरीत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून वापरतात. तिथल्या सरकारी मूल्यमापन संस्थेने २०१४ मध्ये ज्यांना इतर उपाय चालत नाहीत अशांसाठी त्याची शिफारस केली.

अर्ध्या तासाने पॅड काढले. दोन्ही अंगठ्यांचे तापमान पाहिले. करोनाच्या वर्षी कपाळावर रोखायला घेतलेली गन आता मी पृष्ठभागाच्या मोडवर टाकून पायांसाठी वापरते. आज अंगठा एका अंशाने वर गेला. काही दिवशी जात नाही. अप्पांना मी दोन्ही दिवस खरे तेच सांगते.

करंटने मेलेली नस जिवंत होत नाही. हे वाक्य मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगते, पैसे घेण्याआधी. गावोगावी शिबिरे भरवून पंधरा दिवसांत नसा मोकळ्या करण्याची हमी देत तळपायाखाली ठेवायची यंत्रे विकली जातात. अशा यंत्रावर बधिर पाऊल ठेवून, मोठ्यात मोठ्या आकड्यावर खटका फिरवून बसणारी माणसे मी पाहिली आहेत. ज्याला सर्वांत जास्त करंट हवासा वाटतो, त्यालाच तो सर्वांत धोक्याचा असतो.

सकाळी ८.३०

एसटीचे ड्रायव्हर असलेले एक भाऊ. यांचे दुखणे उलटे. पाय बहिरा नाही, पायाची आग होते. रात्री पांघरुणाचा स्पर्श सहन होत नाही, ओल्या फडक्यावर पाय ठेवून बसतात, मग सकाळच्या फेरीला डोळे जड. धाग्याचे दहापैकी नऊ स्पर्श त्यांना कळतात, म्हणून यांच्या नडगीवर मी पॅड लावू शकते. ठोका सेकंदाला एक नाही, ऐंशी ते शंभर. स्नायू हलत नाही, नुसती झिणझिण होते.

१९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या दोघांनी मांडले की वेदनेच्या वाटेवर पाठीच्या कण्यात एक दार असते आणि स्पर्शाच्या जाड नसा उत्तेजित केल्या तर ते दार ओढून घेतात. ठेच लागली की आपण ती जागा चोळतो, ते यासाठीच. अमेरिकेच्या मज्जाविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० मध्ये सगळे अभ्यास तपासून सांगितले की मधुमेही मज्जाविकाराच्या वेदनेवर हा करंट बहुधा उपयोगी पडतो. त्याच कागदात त्यांनी जुनाट कंबरदुखीसाठी तो सुचवू नये असेही म्हटले. मला तो कागद आवडतो, कारण त्यात हो आणि नाही दोन्ही आहेत.

भाऊंची आग तीन आठवड्यांत निम्म्यावर आली आहे असे ते म्हणतात. डॉक्टरांची गोळीही चालू आहे, शुगरही उतरली आहे. श्रेय कशाला किती, हे मी ठरवत नाही. ते रात्री पाच तास झोपतात.

सकाळी ९.३०

कुऱ्ह्याकडचे एक दादा आले, पन्नाशीचे, दुकानात दिवसभर उभे राहणारे. उजवे पाऊल सुजलेले, लालसर. तीन आठवडे झाले. कोणी मुरगळले म्हणाले, कोणी तेल लावून रगडले. "दुखत नाही ना ताई, म्हणून वेळ केला. करंट लावला म्हणजे सूज उतरेल म्हणे."

जखम कुठेही नाही. ताप नाही. नाडी उलट जोरात उडते आहे. गन लावली: डावे पाऊल ३२.१, उजवे ३५.७. दोन पावलांत दोन अंशांहून जास्त फरक पडला की माझ्या पोटात गोळा येतो.

"दादा, आज करंट नाही. आणि आता या पायावर उभं राहायचं नाही. या खोलीतून बाहेरसुद्धा नाही."

हा बहुधा शार्कोचा पाय. फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८६८ मध्ये बधिर सांध्यांचा हा विनाश वर्णन केला, तेव्हा तो दुसऱ्या आजारात दिसत होता. आज तो जगभर मधुमेहींच्या पावलात सर्वांत जास्त दिसतो. वेदना नसते, म्हणून माणूस चालत राहतो. आत हाडे झिजतात, मोडतात, सांधे सरकतात आणि पावलाची कमान बसून तळवा होडीच्या पोटासारखा बाहेर येतो. सुरुवातीलाच ओळखून पाय प्लास्टरमध्ये बंद केला, महिनोन्‌महिने भार टाकला नाही, तर पावलाचा आकार वाचतो. चोळणे, शेकणे, करंट, यांतले काहीही या पायाला लावायचे नाही.

दादांच्या बायकोने विचारले, "न दुखणाऱ्या पायासाठी चार महिने बसून राहायचं?" मी तिला खुर्ची दिली आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगितले. अस्थिरोगतज्ज्ञांना चिठ्ठी लिहिली, फोन केला, दादांना दोघांनी उचलून गाडीत बसवले. चाळीस मिनिटे लागली. माझे आजचे सर्वांत मोलाचे काम हेच, आणि त्यात मशीनचा खटकाही दाबला नाही.

सकाळी १०.५०

ऊन पायरीवर आले. शेवटचे एक बाबा. शेतात पऱ्हाटीचा खुंट टाचेत घुसला, आठ दिवस कळले नाही, सुनेला मोज्यावर डाग दिसला तेव्हा समजले. पाऊल थंड, कातडी चकचकीत, बोटांवर केस नाहीत. नाडी लागत नाही. डॉपलरमधून धमनीचा ठणठणीत ठोका यायला हवा, तिथे लांबवर वारा वाहिल्यासारखा आवाज. आकडा ०.४८.

मुलगा म्हणाला, "मशीननं रक्त वाढतं म्हणूनच तर आणलं."

वाढते, पण वाट मोकळी असेल तर. क्षार साचून नळी बंद पडली तर मोटार जोरात चालवून काय होते ते या मुलाला मी सांगायची गरज नव्हती. त्यांना आजच्या आज जळगावला जायला सांगितले. साठ किलोमीटर आहे, उद्यावर टाकू नका. रक्तवाहिन्यांचे डॉक्टर आधी बघतील, वाट उघडता येते का ते ठरवतील, मग जखमेचे. ड्रेसिंग करून, टाच टेकणार नाही अशी उशी पोटरीखाली बांधून पाठवले.

दुपारी १२.३०

दार बंद, पडदे ओले. जेवण म्हणजे कळण्याची भाकरी, ठेचा, ताक. नंतर तासभर वाचते.

पायाच्या रक्तासाठी नसेला करंट देण्याची कल्पना माझ्या जन्माआधीची आहे. नॉर्वेचे बिर्गर काडा यांनी १९८२ मध्ये लिहून ठेवले की हाताच्या अंगठ्याशेजारच्या बेचक्यात मंद गतीचा करंट दिला तर दूरवरच्या थंड बोटांतल्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि तो परिणाम करंट थांबल्यावरही काही तास टिकतो. त्यांच्या पेशंटांत मधुमेही मज्जाविकाराचेही होते. २००५ मध्ये इटलीतून ठोक्याची गती आणि लांबी सतत बदलत ठेवणाऱ्या करंटचा अभ्यास आला. त्यात वेदना कमी झाल्या आणि स्पर्शाची जाणीवही काही प्रमाणात सुधारली. २०२१ मध्ये अमेरिकेत पाठीच्या कण्याजवळ तारा बसवून सेकंदाला दहा हजार ठोके देणाऱ्या उपकरणाला गोळ्यांनी न थांबणाऱ्या मधुमेही वेदनेसाठी परवानगी मिळाली. त्याआधी २१६ रुग्णांवर त्याची चाचणी झाली होती. ते उपकरण लाखांत जाते.

हे सगळे अभ्यास मी आदराने वाचते. बहुतेक लहान आहेत, काही आठवड्यांचे, काही महिन्यांचे. वेदना उतरते, कातडीतले रक्त वाढलेले मोजता येते. पण करंटमुळे पाय कापावे लागण्याचे प्रमाण घटते असे ठामपणे सांगणारा पुरावा त्यांत नाही. तो पुरावा दुसऱ्याच साध्या गोष्टींच्या मागे उभा आहे: धाग्याची तपासणी, योग्य चप्पल, रोज तळवा पाहणे, आणि जखमेला पहिल्या दिवशी दवाखाना दाखवणे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीने देशात १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचे सांगितले. इतक्या माणसांच्या पायाला पुरतील एवढी मशीन कधीच होणार नाहीत. धागे होतील.

दुपारी ४.४५

कोथळीला गेले, मावशींच्या घरी. सहासष्ट वर्षांच्या, एकट्या, घरात तुळशीपाशी एकतारी टांगलेली. ज्येष्ठात मुक्ताईची पालखी इथून पंढरपूरला निघते. मानाच्या पालख्यांपैकी ही एक, आणि फार लांबून चालत जाणारी. महिन्याभराची वाट. बुलढाणा, जालना, बीड पार करत तापीकाठची माणसे भीमेकाठी पोचतात. मावशी एकवीस वर्षे गेल्या आहेत. नवस अनवाणी चालण्याचा.

मागच्या वर्षी परतल्या तेव्हा करंगळीखाली जखम होती. ती भरली. यंदा धाग्याचे दहापैकी चार त्यांना कळले नाहीत.

"बाई, तुझं ते मशीन देशील का बरोबर? रात्री मुक्कामाला लावीन."

"मावशी, बॅटरीवरचं आहे, देता येईल. गुडघ्याजवळ लावायचं, मी दाखवीन. पण मशीन रात्री पाय हलवील, दिवसा डांबरावर तुमच्या तळव्यांना कोण सांगणार की भाजतंय?"

त्या बोलल्या नाहीत. मी पिशवीतून चपला काढल्या. आतला थर एमसीआरचा, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराचा, टाचेमागे पट्टा, अंगठ्याची पकड नसलेल्या. या रबराची कथा मला सांगावीशी वाटते. १९४६ मध्ये पॉल ब्रँड नावाचे शल्यवैद्य वेल्लोरला आले आणि कुष्ठरोग्यांच्या पायांशी राहिले. बोटे रोगाने झडतात असे तोवर सगळे मानत. ब्रँड यांनी दाखवून दिले की वेदना कळत नाही म्हणून माणूस स्वतःच्या पायाची नकळत नासाडी करतो. बधिर पायासाठी मऊ तळव्याची चप्पल तिथे घडली आणि पुढे अमेरिकेत त्यांनी तेच ज्ञान मधुमेही पायाला लावले. आपल्याकडे नागपूरच्या डॉ. शरद पेंडसे यांनी मधुमेही पायावर सचित्र ग्रंथ लिहिला आणि भारत, टांझानियासारख्या देशांतल्या डॉक्टर-परिचारिकांच्या जोड्यांना पाय वाचवायला शिकवणाऱ्या उपक्रमात पुढाकार घेतला. मावशींच्या ओसरीवरची ही चप्पल त्या कुष्ठरोग्यांच्या पायावरून चालत आली आहे.

"नवस मोडतो ना बाई."

मी म्हटले, मावशी, मुक्ताईला तुमचे पाय पुढच्या वर्षीही यायला हवेत. दुपारच्या टप्प्याला दिंडीच्या गाडीत बसा. पांढरे मोजे घाला, डाग लगेच दिसतो. मुक्कामावर गरम पाण्यात एकदम पाय घालायचे नाहीत, आधी सोबतिणीने कोपराने पाणी बघायचे. आणि रोज रात्री तिने तुमचा तळवा बॅटरीच्या उजेडात पाहायचा, तुम्ही तिचा.

बराच वेळ त्या चपलांच्या रबरावर अंगठा दाबत बसल्या. मग म्हणाल्या, "देवळाच्या पायरीशी मात्र काढीन."

काढा, म्हटले.

सायंकाळी ६.४५

संध्याकाळचे पेशंट पटापट. दोघांना करंट, एकाला नुसते व्यायाम: उभे राहून टाचा उचलणे, तीस वेळा, ओट्याचा आधार घेऊन. ज्याला जमते त्याने हेच करावे, मशीनपेक्षा पोटरी जास्त रक्त ढकलते. एका काकूंना पेसमेकर आहे, त्यांना करंट लावला नाही. मधेच लाईट गेली, इन्व्हर्टरवर तेवढे एक मशीन चालू ठेवले. केळी खाऊ का, हा प्रश्न या तालुक्यात कोणी विचारला नाही असा दिवस जात नाही. आज दोघांनी विचारला. अर्धे, लहान, जेवणाबरोबर नाही, आणि डॉक्टरांना विचारून.

शेवटी हरताळ्याचे नाना. डावा पाय गुडघ्याखाली सहा वर्षांपूर्वी गेला. तेव्हा त्यांच्या तळव्यावर धागा कोणी टेकवला नव्हता. उरलेल्या उजव्या पायासाठी ते महिन्यातून एकदा न चुकता येतात, एक मोजा, एक चप्पल. आज दहापैकी सहा. मागच्या महिन्याइतकेच. नानांनी आकडा वहीत लिहिताना माझ्या पेनाकडे पाहिले आणि मान हलवली.

रात्री ८.५०

वही मिटली. आज अकरा माणसे, एकवीस पाय. करंट पाच जणांना लावला, सहा जणांना नाही. जळगावहून फोन आला, बाबांना दाखल करून घेतले आहे, रक्तवाहिन्यांचे चित्र उद्या काढणार.

कोथळीहून पालखी निघायला थोडेच दिवस उरले आहेत. वारीला जाणाऱ्या ज्या कोणाला शुगर आहे, त्यांनी निघण्याआधी जवळच्या कुठल्याही दवाखान्यात, माझ्याकडेच असे नाही, तळव्याला धागा टेकवून आणि पावलाची नाडी पाहून घ्यावी. दहा मिनिटे लागतात. येताना नेहमीच्या चपला घालून या, त्याही पाहायच्या असतात.